फादर रेमोंची मुकी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. वीतभर उंचीची, लाकडी मुठीची. पण मला उचलून कितीही हलवलंत तरी माझ्यातून आवाज येणार नाही, कारण माझ्या पोटात लोलक नाही. अमेरिकेतल्या श्रूजबरी नावाच्या गावात, शोभनाताईंच्या देवघरात, बाळकृष्णाच्या डाव्या हाताला मी बसलेली असते. दिवाळीला येणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणीतरी मला हमखास उचलतं, हलवतं आणि म्हणतं, "अय्या, ही वाजतच नाही!"  शोभनाताई मला हळूच त्यांच्या हातातून घेतात आणि जागेवर ठेवतात.

मी जन्मापासून अशी नव्हते. माझीही गोष्ट आहे, आणि ती तुम्हीच ऐकावी असं मला वाटतं.

माझा जन्म इटली देशाच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीतल्या एका लहान गावात झाला. एका म्हाताऱ्या ओतारी बाबांनी मला ओतलं. साच्यातून काढून, कानसीनं घासून त्यांनी मला पहिल्यांदा वाजवलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले. आवाज पार विरला तेव्हा म्हणाले, "हिचा श्वास लांब आहे." माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते!

मला विकत घेतलं फादर रेमो यांनी. तेव्हा ते पंचविशीतले, सडपातळ, काळ्या झग्यातले पाद्री होते. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालवायची आणि मग गावच्या शाळेत वरच्या वर्गांना तत्त्वज्ञान शिकवायचं, असा त्यांचा दिवस. तत्त्वज्ञान म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. फादर म्हणायचे, "कुणी काही सांगितलं, तर ते खरं कशावरून, हे स्वतःच्या डोक्यानं तपासायचं. बस, एवढंच."

वर्ग सुरू करायची त्यांची रीत अगदी वेगळी होती. ते मला एकदाच वाजवायचे. मुलांनी डोळे मिटून ऐकायचं आणि ज्याला ज्या क्षणी आवाज ऐकू येईनासा होईल, त्यानं त्या क्षणी एक बोट वर करायचं. सगळी बोटं कधीच एकदम वर होत नसत. कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. मग फादर म्हणायचे, "बघा, घंटा एकच, खोली एकच, तरी प्रत्येकाचं ऐकणं वेगळं. सगळ्यांना एकच ऐकू येतं असं जो सांगेल ना, त्याच्यापासून जपा."

सर्वांत शेवटी वर व्हायचं ते बोट एस्टरचं. खिडकीजवळच्या बाकावर बसणारी, दाट काळ्या केसांची, शाईनं नेहमी बोटं माखलेली मुलगी. मुलं तिला चिडवायची, "एस्टरबाई, घंटा कालच थांबली!" ती डोळे न उघडताच म्हणायची, "तुमची थांबली असेल. माझी चालू आहे." फादर खुदकन हसायचे. मला वाटायचं, माझा लांब श्वास खऱ्या अर्थानं कुणी ऐकला असेल, तर तो या मुलीनं.

पण मित्रांनो, त्या देशावर तेव्हा फॅसिस्ट लोकांचं राज्य होतं. एक पक्ष, एक नेता आणि त्याचं म्हणणं तेच खरं. काळे सदरे घातलेली माणसं गावात फिरायची आणि कोण काय बोलतं याच्यावर कान ठेवायची. फादरांना ते मुळीच आवडत नव्हतं. पण ते लढवय्ये नव्हते. भित्रेच होते म्हणा ना. शाळेत नेत्याची तसबीर लावायचा हुकूम आला, त्यांनी लावली. निष्ठेची शपथ घ्यायचा हुकूम आला, त्यांनी घेतली. पुस्तकातली आठ पानं फाडायला सांगितली, तीही फाडली. दर वेळी मला कपाटात ठेवताना ते पुटपुटायचे, "एवढ्यानं काय होतंय? माझा वर्ग तरी चालू राहील." मला सगळं ऐकू यायचं. पण कुणी हलवल्याशिवाय घंटेला बोलता कुठं येतं?

मग १९३८ सालचा ऑक्टोबर आला. नवीन कायदा निघाला होता. ज्यू धर्माच्या मुलांनी सरकारी शाळेत यायचं नाही. एस्टर ज्यू होती. फादरांच्या हातात मुलांची यादी आली, तीत तिच्या नावावर लाल पेन्सिलीची रेघ मारलेली होती. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी फादरांनी एका कागदावर एक वाक्य लिहिलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. मी टेबलावरच होते, मी ते वाचलं. "ही माझी विद्यार्थिनी आहे, ती इथेच बसेल." एवढंच वाक्य. तो कागद त्यांनी झग्याच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी एस्टर आली. बिचारीला वाटलं असेल, फादर आहेत ना, ते बघतील. हातात कोरी वही घेऊन ती दारात उभी राहिली. वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून मुख्याध्यापक उभे होते आणि त्यांच्या शेजारी काळा सदरा घातलेला एक माणूस.

"फादर, आत येऊ?" एस्टरनं विचारलं.

फादरांचा हात खिशाकडे गेला. मला वाटलं, आता कागद निघणार. मागचा माणूस नुसता खाकरला. फादरांचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला, त्यानं मला उचललं आणि वाजवलं. वर्ग सुरू झाला, म्हणजे बाहेरच्यानं बाहेर राहायचं. तिला 'जा' म्हणायचं धैर्यसुद्धा त्यांना झालं नाही, मुलांनो. ते काम त्यांनी माझ्याकडून करवून घेतलं.

एस्टरनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि दार हळूच लावून घेतलं. माझा आवाज तेव्हा अजून खोलीत होता. वर्गातल्या मुलांनी माना खाली घातल्या होत्या. त्या दिवशी कुणीच बोट वर केलं नाही आणि फादरांनीही विचारलं नाही.

संध्याकाळी फादरांनी पक्कड आणली. माझ्या पोटातली कडी वाकवून लोलक काढून घेतला. तो जेमतेम बोराएवढा होता. तो मुठीत घट्ट धरून ते देवासमोर गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, "एस्टर माझ्या वर्गात परत येईल, तेव्हाच ही घंटा वाजेल. तोवर नाही."

तुम्ही याला नवस म्हणा, व्रत म्हणा, नेम म्हणा. मला विचाराल, तर ती शिक्षा होती, त्यांनी स्वतःला करून घेतलेली.

त्यानंतर ते अनेकदा एस्टरच्या घराकडे निघाले. मला घेऊन निघत, कापडात गुंडाळून. कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापर्यंत जात आणि मागे फिरत. तिथं जाऊन काय बोलायचं, हे त्यांना सुचत नसे. असं करता करता पाच वर्षं गेली. एका हिवाळ्यात अखेर ते कोपरा ओलांडून गेले, तर दाराला सरकारी सील. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "फादर, त्यांना नेऊन तीन आठवडे झाले." कुठं नेलं, ते तिला माहीत नव्हतं. फादर त्या दारासमोर किती वेळ उभे होते, कोण जाणे. कापडातून मला काही दिसत नव्हतं.

युद्ध संपलं, ते राज्यही संपलं. फादर अमेरिकेत आले आणि मॅसॅच्युसेट्समधल्या एका कॉलेजात शिकवू लागले. ट्रंकेतून मीही आले. दर वर्षी ऑक्टोबरात ते एस्टरचा ठावठिकाणा विचारणारं एक पत्र लिहीत, कधी या कचेरीला, कधी त्या संस्थेला. उत्तर एकच यायचं, 'नोंद सापडत नाही.' पन्नासाहून अधिक पत्रं झाली. २००१ साली डोळ्यांनी दगा दिला, त्यांना नुसत्या सावल्या दिसू लागल्या आणि पत्रं थांबली. श्रूजबरीतल्या वृद्धांच्या एका निवासात त्यांना खोली मिळाली. मला त्यांनी खिडकीत ठेवलं. तिथं मी काळी पडत गेले. वर्षानुवर्षं मला कुणी हात लावला नाही.

तिथं शोभनाताई आल्या. त्यांचे यजमान गुरुदत्त एका कंपनीत इंजिनिअर. ताईंना मात्र त्यांच्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. घरात बसून काय करायचं, म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या निवासात येऊन म्हाताऱ्या माणसांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या. आवाज अगदी मऊ. कपाळावर लहानशी टिकली. फादरांना त्या फार आवडायच्या. ते त्यांना 'सिन्योरा' म्हणायचे. इटालियनमध्ये 'बाईसाहेब'.

"तुम्ही आज जेवला नाहीत, सिन्योरा. आवाजावरून कळतं."

"आज एकादशी आहे, फादर. तुम्ही नाही का शुक्रवारी मांस सोडत?"

"मी सोडतो. पण मला डॉक्टर रागावतात."

"मलाही रागावतात," ताई म्हणायच्या आणि दोघं हसायची.

फादरांच्या मुठीत सतत काहीतरी असायचं, ते अंगठ्यानं त्याला कुरवाळत असायचे. ताईंना वाटायचं, जपमाळेचा मणी असेल. तो माझा लोलक होता. मी त्याच्यापासून दोन हातांवर होते आणि सांगू शकत नव्हते.

२००४ सालच्या नवरात्रात ताई म्हणाल्या, "फादर, परवा आमची खंडेनवमी. घरातली हत्यारं, अवजारं घासूनपुसून आम्ही त्यांची पूजा करतो. तुमची घंटा फार काळी पडलीय हो. घरी नेऊ? उजळून आणते."

फादर हसले. "न्या, न्या. तिला कुणी आंघोळ घालून साठ वर्षं झाली असतील."

लोलकाचं ते काहीच बोलले नाहीत. त्यांना वाटलं असेल, घासायला नेताहेत, वाजवायला नव्हे. आणि ताईंना तरी काय कल्पना? मित्रांनो, चूक अशीच होते. दोन चांगली माणसं एकमेकांशी बोलतात, आणि नेमकी हवी ती एकच गोष्ट बोलायची राहून जाते.

ताईंच्या घरी चिंच-मिठानं मला घासताना स्वयंपाकघरात नुसती चेष्टा चालली होती.

"हिचा चातुर्मास म्हणजे आमची पंचाईत," गुरुदत्त लेकीला सांगत होते. "यंदाचा नेम काय, तर खोटं बोलायचं नाही. परवा माझ्या ऑफिसातल्या प्रतापच्या बायकोनं विचारलं, पुरणपोळी कशी झालीय? तर ही म्हणते, गोड झालीय."

"मग? गोडच होती," ताई म्हणाल्या.

"दगड होती, यार!"

"तेही खरं आहे. पण ते तिनं कुठं विचारलं?"

नऊ वर्षांची अनया खिदळली. "आई, दॅट्स चीटिंग!"

तेवढ्यात ताईंनी मला उलटं केलं. "अगंबाई! अहो, हिच्यात लोलकच नाही. कधीचा पडला असेल. फादरना दिसत नाही, बिचारे सांगणार कुणाला? देवाची घंटा अशी मुकी बरी दिसते का?"

"गॅरेजमध्ये नट आहे एक. तारेनं अडकवू," गुरुदत्त म्हणाले.

"कॅन आय डू इट, डॅड? प्लीज?"

नको, नको, मी ओरडत होते. पण ओरडायला माझ्याकडे होतं काय? अनयानं आपल्या नाजूक बोटांनी तार ओवली, स्टीलचा नट लटकवला आणि मला हलवलं. सहासष्ट वर्षांनी माझ्यातून आवाज निघाला. तिघांनीही टाळ्या वाजवल्या. ताईंनी मला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं. इतकी लखलखीत मी जन्मात कधी नव्हते, आणि इतकी लाजिरवाणीही.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी, शाळा सुटल्यावर अनयाला घेऊनच ताई निवासात आल्या. फादर खुर्चीत बसले होते. अनया लाजून दारातच उभी राहिली, पाठीवर दप्तर, मोकळे काळे केस.

"फादर, तुमच्यासाठी एक गंमत आहे," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मला वाजवलं.

फादरांची मान झटकन वर झाली. मूठ उघडली आणि लोलक पांघरुणावर पडला. आयुष्यभर त्यांनी मुलांना 'जर हे, तर ते' असा विचार करायला शिकवलं होतं. एस्टर येईल तेव्हाच घंटा वाजेल. घंटा तर वाजली. ते दाराकडे वळले. त्यांच्या अंधुक डोळ्यांना दिसली ती दारात उभी असलेली एक मुलगी, आणि तिचे काळे केस.

"एस्टर?" ते म्हणाले. आणि मग इटालियनमध्ये, "ये. आत ये, बाळ."

अनयाला शब्द कळले नाहीत, पण पुढे केलेला हात कळला. ती आत आली. फादरांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि रडू लागले. "मी तेव्हा बोललो नाही. वाक्य माझ्या खिशात होतं. मला क्षमा कर." पुन्हा पुन्हा तेच. त्या खोलीत ते समजणारी फक्त मी होते.

"आई, व्हाय इज ही क्राइंग?"

ताईंचेही डोळे भरून आले होते. "आनंद झालाय गं त्यांना. घंटा वाजली ना."

ताईंनी त्या चातुर्मासात खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. हे एक खोटं त्यांच्या नकळत झालं.

पुढचे चार दिवस फादर वाटीभर सूप संपवायचे. परिचारिकांना सांगायचे, "माझी विद्यार्थिनी आली होती." पण ते तत्त्वज्ञ होते. ऐकलेलं तपासून पाहायची सवय काही सुटत नाही. तिसऱ्या दिवसापासून ते आपल्याच तळव्यावर बोट फिरवत बसू लागले.

मंगळवारी ताई आल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "सिन्योरा, शुक्रवारी माझ्या दारात कोण आलं होतं?"

"एक मुलगी आली होती, फादर." ताई जपून म्हणाल्या, कारण फादरांची कुणी विद्यार्थिनी येऊन गेल्याचं परिचारिकांकडून त्यांच्या कानावर आलं होतं.

"तिचा हात फार लहान होता. एस्टर आज त्र्याऐंशी वर्षांची असती."

"कोण एस्टर?"

मग फादरांनी सगळं सांगितलं. बोटं वर करण्याची रीत, लाल रेघ, खिशातला कागद, लोलक, सील केलेलं दार. सांगून झाल्यावर म्हणाले, "आता तुम्ही सांगा. घंटा कशी वाजली?"

 मंगळसूत्राच्या वाट्या ताई बोटांत फिरवत राहिल्या. मी मनात म्हणत होते, ताई, आली होती म्हणा. एका शब्दानं म्हातारा सुखात जाईल. कोण तपासायला येणार आहे? मोडू दे एक नेम. पुरणपोळीसारखं काहीतरी सांगा, निम्मं खरं.

"फादर," ताई म्हणाल्या.  "ती माझी अनया होती. नऊ वर्षांची आहे. लोलक पडलाय असं वाटून आम्ही त्यात एक नट बांधला. तुमचं व्रत माझ्या हातून मोडलं."

 बाहेर मेपलची लाल पानं गळत होती. मग फादर म्हणाले, "खोटं बोलणं किती सोपं होतं तुम्हाला."

"हो."

"एकच वाक्य होतं. मलाही एकच वाक्य बोलायचं होतं." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "काढा तो नट, सिन्योरा."

ताईंकडे पक्कड नव्हती. नखांनीच त्यांनी तार सोडवली. एक नख मुळापासून तुटलं, तरी त्या थांबल्या नाहीत. अंधार पडेपर्यंत त्या फादरांजवळ बसून होत्या. 

त्यानंतर फादरांनी सूप संपवलं नाही. जानेवारीत, गुडघाभर बर्फ असताना ते गेले. ताईंनी विनंती करून लोलक त्यांच्या मुठीत ठेवायला लावला, आणि तो त्यांच्याबरोबर मातीत गेला. माझ्या मुठीला एक चिठ्ठी बांधलेली सापडली, परिचारिकेकडून लिहून घेतलेली. 'सिन्योरा शोभनासाठी. घासा, पण वाजवू नका.'

तेव्हापासून मी या देवघरात आहे. मध्यंतरी नागपूरहून ताईंच्या सासूबाई, सुमित्राबाई आल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, खंडित वस्तू देवात ठेवू नये." ताई म्हणाल्या, "खंडित नाही, आई. नेमात आहे ती." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यापुढेही एक फूल ठेवलं.

पण सकाळी दिवा लावला की ताई कधी कधी माझ्याकडे बघत बसतात. ओठ हलतात. 'मी खोटं बोलले असते, तर?'  

परवा, म्हणजे २००८ सालच्या खंडेनवमीला, अनया मला घासत होती. आता ती तेरा वर्षांची झालीय. ताईंनी तिला पहिल्यांदाच सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून अनया नुसती चिंच चोळत राहिली. मग म्हणाली, "आई, त्या दिवशी एस्टरनं बोट वर केलं होतं का?"

"नाही गं. ती तर बाहेर गेली होती. दार लागलं होतं."

"देन इट हॅजन्ट स्टॉप्ड," अनया म्हणाली. "तिच्यासाठी थांबलीच नाहीये ना घंटा."

ताईंचा हात नळाखालीच थांबला. पाणी वाहत राहिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, एवढंच सांगून मी थांबले असते. पण मला थोडं अधिक मागायचं आहे. कुणाची मोडकी वस्तू दुरुस्त करण्याआधी तिची हकीकत विचारा. आणि उद्या तुमच्या वर्गाच्या दारात कुणी वही घेऊन उभं असेल, आणि त्याला आत घ्यायचं नाही असा हुकूम निघालेला असेल, तर मान खाली घालू नका. खिशातलं वाक्य खिशात ठेवू नका. मला कुणी हलवल्याशिवाय बोलता येत नाही, आणि आता तर हलवूनही येत नाही. तुम्हाला येतं.

एवढं बोला. मी ऐकते आहे.